प्रवास आणि पर्यटन क्षेत्रातील करिअर: ठाणे-नवी मुंबईतील तरुणांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी आणि पनवेल येथील कनिष्ठ महाविद्यालयांत पर्यटन क्षेत्राविषयी बोलायला गेलो की शेवटी येणारे प्रश्न दरवर्षी जवळजवळ तेच असतात. अभ्यासक्रमांविषयीचे प्रश्न विद्यार्थी सर्वांसमोर विचारतात, तर पगाराचे आणि घरच्यांच्या विरोधाचे प्रश्न मागाहून जिन्यात गाठून विचारतात. पुढील उत्तरे आधी सहलींवर टूर मॅनेजर म्हणून आणि नंतर कार्यालयात ऑपरेशन्स विभागात काम केलेल्या माणसाची आहेत. त्यामुळे त्यांत हॉटेलपेक्षा सहलींविषयी अधिक बोलले गेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मला फिरायला खूप आवडते. म्हणून हे क्षेत्र माझ्यासाठी योग्य आहे, असे समजावे का?

फिरण्याची आवड असणे चांगलेच, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. या क्षेत्रातील बहुतेक माणसे दुसऱ्यांना फिरायला पाठवतात आणि स्वतः खुर्चीत बसलेली असतात. जी थोडी माणसे खरोखर प्रवास करतात, त्यांचा प्रवास तुम्हाला वाटतो तसा नसतो. सहलीवर सकाळचा ‘सहा-सात-आठ’ असा कार्यक्रम असतो, म्हणजे सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता आणि आठला गाडी सुटणार. टूर मॅनेजरचा दिवस मात्र पाचला सुरू होतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाऊन जैन प्रवाशांचा नाश्ता वेगळा ठेवला आहे का, हे पाहायचे. ड्रायव्हर उठला का, याची खात्री करायची. आणि काल पुढच्या सीटवर बसलेल्या कुटुंबाला आज मागे का बसावे लागणार, हे हसतमुखाने समजावून सांगायचे. ताजमहाल पाहून झाल्यावर चाळीस जणांची मोजणी करताना एकोणचाळीसच भरत असतील, तर त्या क्षणी ताजमहालाकडे तुमचे लक्ष नसते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारतो. घरच्या लग्नात पाहुण्यांच्या याद्या, खोल्या आणि स्टेशनवरून आणण्याची गाडी हे सारे तुमच्याकडे सोपवले जाते का, आणि ते काम करताना तुम्हाला मजा येते का? याचे उत्तर होकारार्थी असेल, तर पुढे वाचावे.

या क्षेत्रात नेमकी कोणकोणती कामे असतात?

सहल कंपनीत साधारणपणे चार विभाग असतात. विक्री विभाग ग्राहकाला सहल समजावून सांगतो आणि बुकिंग घेतो. ऑपरेशन्स विभाग हॉटेले, गाड्या, जेवण आणि स्थानिक एजंट यांची बांधणी करतो. तिकिटिंग विभाग विमानाची व रेल्वेची आरक्षणे पाहतो, आणि व्हिसा विभाग कागदपत्रे तपासून दूतावासाच्या केंद्रात जमा करतो. टूर मॅनेजर या सर्वांनी केलेल्या कामाचे भले-बुरे परिणाम प्रत्यक्ष जागेवर भोगतो. मोठ्या कंपन्यांच्या बैठका, परिषदा आणि विक्रेत्यांच्या बक्षीस-सहली यांची व्यवस्था हा स्वतंत्र व्यवसाय आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्या पाहता त्याला इथे चांगला वाव आहे.

सहल कंपनीबाहेर हॉटेल, विमान कंपनी, विमानतळ, क्रूझ, गाईडचे काम, ट्रेकिंग व जलक्रीडा, कृषी पर्यटन आणि होम-स्टे एवढा पसारा आहे. सगळ्यांना ‘पर्यटन’ हे एकच नाव असले, तरी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधील माणसाचा दिवस आणि ट्रेक लीडरचा दिवस यांत काहीच साम्य नसते. त्यामुळे निवड ‘पर्यटन’ या शब्दाची न करता आपल्याला कोणता दिवस जगायचा आहे, त्याची करावी.

बारावीनंतर कोणता अभ्यासक्रम निवडावा?

हॉटेल व आतिथ्य क्षेत्रात जायचे असेल, तर राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेशी संलग्न असलेल्या सरकारी संस्था हा पहिला पर्याय मानावा. दादरची संस्था १९५४ साली सुरू झाली असून ठाण्याहून तिथे लोकलने रोज ये-जा करता येते. प्रवेशासाठी देशपातळीवरील संयुक्त प्रवेश परीक्षा असते आणि तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आधीच सुटतात. ‘निकाल लागल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचे वर्ष इथेच जाते.

सहल आणि प्रवास व्यवस्थापनासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था आहे. तिचे मुख्य केंद्र ग्वाल्हेरला असून भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर आणि गोवा येथेही तिची केंद्रे आहेत. तिथे पर्यटन विषयातील बीबीए व एमबीए करता येते. गोव्याचे केंद्र जलक्रीडांसाठी ओळखले जाते. बोट चालवणे आणि जीवरक्षण यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम तिथे चालतात. मुंबई विद्यापीठाच्या गरवारे संस्थेतही पर्यटनाचे शिक्षण मिळते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूची पर्यटन अभ्यासातील पदविका आणि पदवी हा कमी खर्चाचा मार्ग आहे. तिकिटिंग शिकायचे असल्यास ‘आयाटा’ या आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेचे पायाभूत अभ्यासक्रम उपयोगी पडतात. त्यांबरोबर अमेडियस, गॅलिलिओ किंवा सेबर यांपैकी एका आरक्षण प्रणालीवर हात बसलेला असला, तर पहिल्या मुलाखतीत तुमचे वजन वाढते.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर कोणत्याही शाखेची नियमित पदवी घ्यावी, सोबत एक कौशल्य पक्के करावे आणि दोन सुट्ट्यांत एखाद्या सहल कंपनीत उमेदवारी करावी. वाणिज्य शाखेची मुले ऑपरेशन्समध्ये फार चांगले काम करतात, कारण त्यांना प्रत्येक दराशेजारी कराचा रकाना दिसतो.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या खासगी संस्थांवर विश्वास ठेवावा का?

हमी देणाऱ्या संस्थेकडे गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांची गाठ घालून देण्याची मागणी करावी आणि त्या विद्यार्थ्यांना एकटे भेटावे. संस्था टाळाटाळ करू लागली, तर उत्तर मिळाले असे समजावे. माझ्या ओळखीतील एका मुलीने हवाई सुंदरीच्या अभ्यासक्रमासाठी वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून मोठी रक्कम भरली. अभ्यासक्रम संपल्यावर तिला ज्या मुलाखतीला पाठवण्यात आले, ती खुली मुलाखत होती आणि तिला बारावी उत्तीर्ण असलेले कोणीही जाऊ शकत होते. केबिन क्रूचे खरे प्रशिक्षण विमान कंपनी निवडीनंतर स्वतःच देते, ही गोष्ट पालकांना फार उशिरा कळते.

नोकरीसाठी ‘सुरक्षा अनामत’, ‘गणवेशाचे पैसे’ किंवा ‘वैद्यकीय तपासणीचे शुल्क’ आधी ऑनलाइन भरायला सांगणारा निरोप आला, तर तो कितीही चांगल्या लेटरहेडवर असला तरी फसवणूक समजावी.

नवी मुंबई विमानतळामुळे आमच्यासाठी काय बदलले आहे?

या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला सुमारे २ कोटी प्रवाशांची असून सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ती सुमारे ९ कोटींवर जाईल, अशी आखणी आहे. उलवे, पनवेल, खारघर आणि बेलापूर येथील मुलांच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अंतराची आहे. विमानतळावरील काम पाळ्यांमध्ये चालते, पहाटे तीनला हजर व्हावे लागते आणि त्या वेळी लोकल नसते. अंधेरी-सहारला नोकरी करणारी इकडची मुले यापूर्वी याच एका कारणाने नोकरी सोडत असत.

विमानतळावरील नोकरी म्हटली की मुलांना वैमानिक आणि केबिन क्रू एवढेच सुचते. प्रत्यक्षात एका विमानामागे चेक-इन काउंटर, बोर्डिंग गेट, सामान चढवणारी माणसे, रॅम्पवरील वाहने चालवणारे, विमानातील वजनाचा तोल मांडणारे लोड कंट्रोल, खानपान, स्वच्छता, मालवाहतूक आणि सुरक्षा तपासणी एवढी फळी उभी असते. यांपैकी बरीच पदे विमान कंपनीच्या थेट पगारावर नसतात. ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या कंपन्या ती भरतात. म्हणून अर्ज करताना केवळ विमान कंपन्यांची संकेतस्थळे पाहत बसू नये.

दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. विमानतळाच्या आत काम करण्यासाठी नागरी विमान सुरक्षा विभागाच्या नियमांनुसार प्रवेशपत्र लागते आणि त्यासाठी पोलिसांकडून पार्श्वभूमी तपासली जाते. मित्राच्या भांडणात उगाच नाव गोवले गेलेल्या मुलांना हा अडथळा अनपेक्षितपणे आडवा येतो. दुसरे असे की आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि पॅन या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ निस्तरायला काही महिनेही जातात.

विमानतळाबाहेरचे काम मला त्याहून मोठे वाटते. रात्री उशिरा उतरलेल्या प्रवाशाला मुक्काम हवा असतो, अलिबागला किंवा लोणावळ्याला जाणारी गाडी हवी असते, आणि दुसऱ्या विमानापर्यंत मिळालेल्या आठ तासांत काय पाहावे, हे सांगणारा कोणीतरी हवा असतो. हा ‘कोणीतरी’ उलव्याचा किंवा पनवेलचा असायला काहीच हरकत नाही.

गाईड व्हायचे असेल तर परवाना लागतो का?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांमध्ये पर्यटकांना माहिती देण्याचे काम परवानाधारक गाईडनेच करावे, असा नियम आहे. घारापुरीची लेणी त्यांत मोडतात; १९८७ साली त्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने सुरू केलेला ‘इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर’ हा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम या वाटेची सुरुवात म्हणून पाहावा. अर्ज करण्यापूर्वी त्याच्या पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या अधिसूचनेत वाचाव्यात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतील ११ महाराष्ट्रातील आहेत, आणि रायगड व खांदेरी हे दोन तर आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातच आहेत. मराठीखेरीज आणखी एका भाषेत रायगड नीट सांगू शकणाऱ्या माणसाला काम कमी पडेल, असे मला वाटत नाही.

परवान्याइतकीच गोष्ट सांगण्याची हातोटी महत्त्वाची आहे. उदाहरणादाखल ठाण्याचेच घ्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, हे सगळे सांगतात. पण ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. पुढे तो इंग्रजांकडे गेल्यावर तिथे कैदेत असलेले पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली निसटले. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाण्यांतून त्यांना सुटकेचा बेत कळवत होता आणि मराठी न समजणारे पहारेकरी ते गाणे ऐकत उभे होते, अशी कथा सांगितली जाते. कारागृहाच्या भिंतीसमोर उभे राहून ही गोष्ट कुठे थांबून, किती हळू सांगायची, हे ज्याला कळते तो गाईड. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव आहे, हेही त्याने सांगायला हवे.

ठाणे खाडी, येऊर, कर्नाळा अशा जवळच्या ठिकाणी निसर्ग पर्यटनात काम मिळू शकते का?

मिळू शकते, आणि या प्रश्नाला मी मुद्दाम लांब उत्तर देतो, कारण आपल्या मुलांना आपल्या दारातील गोष्टीची किंमत नसते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात. थोरला आणि धाकटा असे दोन्ही रोहित इथे येतात. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळा संपेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो.

या बोटींचे वेळापत्रक घड्याळाप्रमाणे चालत नाही, ते भरतीप्रमाणे चालते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून आपल्या किनाऱ्यावरील कोळी तिथीची पाऊणपट करून भरती काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही; पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. दिवाळे, ऐरोली किंवा कोपरी येथील कोळीवाड्यातील मुलाला हा हिशेब आजोबांकडून आयता मिळालेला असतो. त्याच्या जोडीला पक्ष्यांची इंग्रजी व मराठी नावे, दुर्बिणीचा सराव आणि खारफुटीच्या चार जातींची ओळख आली, की पदवीधर निसर्ग मार्गदर्शकाला जे दोन वर्षे शिकावे लागते, ते त्याच्याकडे सहा महिन्यांत येते.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय कोणताही उपक्रम करता येत नाही. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यासाठीही तेच लागू आहे. ओळखीच्या माणसाकडून ‘आतून’ रात्रीची सफर घडवून आणणाऱ्यांच्या नादी लागू नये. पहिल्याच तक्रारीत करिअर संपते.

या कामाचे उत्पन्न हंगामी असते, हे मान्य केले पाहिजे. जे टिकतात, ते शाळांच्या सहली, पावसाळ्यातील रानफुले व फुलपाखरे आणि हिवाळ्यातील पक्षी अशी वर्षाची वाटणी करून टिकतात.

मी दर रविवारी ट्रेकला जातो. ट्रेक लीडर म्हणून व्यवसाय करता येईल का?

दर रविवारी ट्रेकला जाणे आणि वीस अनोळखी माणसांना परत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. समाजमाध्यमावर पावसाळी ट्रेकची जाहिरात टाकून साठ-सत्तर जणांना एकदम हरिहर किंवा कलावंतीणला नेणारे गट तुम्ही पाहिले असतील. त्यांतील किती जणांना मोडलेल्या पायाला आधार बांधता येतो, हे विचारून पाहावे.

रीतसर वाट अशी आहे: उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम करावा. तो साधारण चार आठवड्यांचा असतो आणि सरकारी संस्था असल्याने खर्च आवाक्यात असतो. मात्र जागा लवकर भरतात. त्यानंतर दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यावे आणि अनुभवी संस्थेत दोन हंगाम सर्वांत मागे चालणाऱ्या सहायकाचे काम करावे. मागचा माणूस सर्वाधिक शिकतो, कारण दमलेले, घाबरलेले आणि भांडलेले लोक त्याच्याच वाट्याला येतात.

राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यानुसार जमीन, पाणी व हवा या तिन्ही प्रकारांतील उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. समुद्राखाली डोकावायचे असेल, तर तारकर्लीला एमटीडीसीचे (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे) स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. बोटीवर काम करणाऱ्यांनी १८ डिसेंबर २०२४ चा दिवस आठवावा: घारापुरीकडे निघालेली प्रवासी बोट त्या दिवशी धडकेनंतर बुडाली आणि जीवरक्षक जॅकेटांचा प्रश्न ऐरणीवर आला. ‘जॅकेट घाला’ हे वाक्य नाराज प्रवाशाला ठामपणे सांगता येणे, हासुद्धा या नोकरीचा भाग आहे.

पगार किती मिळतो?

सुरुवातीचा पगार कमी असतो आणि त्यावर एकट्याने ठाण्यात भाड्याने खोली घेऊन राहणे अवघड जाते. मुलाखतीत केवळ आकडा न विचारता त्याची फोड विचारावी. टूर मॅनेजरच्या बाबतीत मूळ पगार किती, सहलीवर असतानाचा दैनिक भत्ता किती, पावसाळ्यात सहली नसताना पूर्ण पगार मिळतो का, आणि सहलीवरील बक्षिशी ड्रायव्हर व मदतनीसांत कशी वाटली जाते, हे चार प्रश्न विचारले की खरे चित्र दिसते. विक्री विभागात प्रोत्साहन भत्ता असतो, पण तो बुकिंगवर मिळतो की सहल प्रत्यक्ष सुटल्यावर, हे लेखी घ्यावे. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर उत्पन्नात जी वाढ होते, ती पदापेक्षा तुम्हाला किती ठिकाणांची खडान्खडा माहिती आहे आणि किती ग्राहक तुमचे नाव घेऊन फोन करतात, यावर ठरते.

मुलींसाठी हे क्षेत्र सुरक्षित आहे का? घरचे तयार नाहीत.

महिला विशेष सहलींमुळे महिला टूर मॅनेजरना मागणी आहे आणि ऑपरेशन्स, व्हिसा व तिकिटिंग विभागांत मुली मोठ्या संख्येने काम करतात. राज्याने २०२३ साली ‘आई’ हे महिला-केंद्रित पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात पर्यटन व्यवसाय सुरू करणाऱ्या महिलांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. घरगुती खानावळ, होम-स्टे किंवा छोटी सहल संस्था काढू पाहणाऱ्या महिलांनी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन त्याची चौकशी करावी.

सुरक्षिततेविषयी केवळ ‘काळजी करू नका’ म्हणणे योग्य होणार नाही. पालकांनी कंपनीला विचारावे: सहलीवर मुलीला स्वतंत्र खोली मिळते का, रात्री उशिरा परतल्यावर घरापर्यंत गाडी असते का, आणि प्रवाशाने गैरवर्तन केल्यास कंपनी कोणाच्या बाजूने उभी राहते? कंपनीत अंतर्गत तक्रार समिती आहे का, हेही विचारण्यात संकोच नसावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ती कायद्यानेच बंधनकारक आहे. घोडबंदर रोडवरच्या एका काकांनी माझ्यासमोर हे सगळे प्रश्न विचारले होते. उत्तरे समाधानकारक मिळाली आणि त्यांची मुलगी पुढच्या महिन्यात केरळच्या सहलीवर सहायक म्हणून गेली.

परदेशी भाषा शिकावी का, आणि कोणती?

शिकावी, मात्र ‘ए-वन’ या अगदी प्राथमिक पातळीवर थांबणार असाल तर त्याचा व्यवसायात उपयोग होत नाही. गाईडच्या कामासाठी किमान ‘बी-टू’, म्हणजे सहज संभाषण करता येईल अशी पातळी गाठावी. जर्मनसाठी मुंबईत मॅक्सम्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे. जपानीची पातळी-परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. त्या भाषेत चांगले बोलणारे कमी असल्याने तिचा मोबदला चांगला मिळतो.

हल्ली सगळे जण मोबाईलवर स्वतःच तिकीट काढतात. मग एजंटचे काम उरेल का?

साधे मुंबई-दिल्ली तिकीट काढून देण्याचे काम जवळजवळ संपले आहे आणि विमान कंपन्यांनी एजंटांचे कमिशन घटवत आणल्याला बरीच वर्षे झाली. उरलेले काम गुंतागुंतीचे आहे: तीन पिढ्यांच्या अकरा जणांचे युरोप, त्यांतील आजींना व्हीलचेअर, नातवाला दाण्याची ॲलर्जी, आणि एका जावयाच्या पासपोर्टची मुदत पाच महिन्यांतच संपणारी. अनेक देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक असण्याचा आग्रह धरतात, हे ज्याने बुकिंगच्या दिवशीच पाहिले, त्याला लोक आजही शुल्क देतात.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मी पाचपाखाडीतील एका कुटुंबाचे ‘१२ तारखेला रात्री १२.२०’ चे विमान काढून दिले. म्हणजे त्यांनी ११ तारखेच्या रात्रीच विमानतळावर पोहोचायला हवे होते. मी ते तोंडी सांगितले नाही, आणि ते १२ तारखेला रात्री बॅगा घेऊन निघाले. विमान जाऊन एक दिवस झाला होता. तिकिटावर सारे बरोबर छापलेले होते, पण ते समजावून सांगणे हेच माझे काम होते. नव्या तिकिटांचे पैसे माझ्या पगारातून काही महिने कापले गेले. तेव्हापासून मध्यरात्रीच्या प्रत्येक तिकिटावर मी हाताने ‘आदल्या रात्री ९ ला घर सोडणे’ असे लिहितो.

स्वतःची सहल कंपनी काढायची असल्यास कुठून सुरुवात करावी?

आधी किमान तीन वर्षे दुसऱ्याकडे काम करावे. त्यानंतर गुमास्ता (दुकान व आस्थापना) नोंदणी, लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी, चालू खाते आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जाणार असल्यास जीएसटी नोंदणी हे कागद लागतात. राज्याबाहेर व्यवहार करणाऱ्यांनी आणि परदेश सहली विकणाऱ्यांनी सनदी लेखापालाचा सल्ला पहिल्याच दिवशी घ्यावा, कारण परदेशी सहलीच्या पॅकेजवर ग्राहकाकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर) गोळा करून भरण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते.

या धंद्यात माणसे बुडतात ती आगाऊ रकमेमुळे. मे महिन्याच्या सहलीचे पैसे जानेवारीत हातात येतात आणि ती रक्कम आपली आहे, असे वाटू लागते. मी ज्या एका कंपनीत काही काळ होतो, तिथे उन्हाळी सहलीच्या पैशांतून दिवाळीच्या सहलीची थकलेली हॉटेल-बिले भागवली जात असत. एका वर्षी बुकिंग कमी आले आणि साखळी तुटली. काश्मीरला पोहोचलेल्या ग्रुपला हॉटेलवाल्याने स्वागतकक्षातच बसवून ठेवले. ग्राहकांचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि सहल परत आल्यावरच त्यातला आपला नफा काढावा. तसेच रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत न छापता बुकिंगच्या वेळी वाचून दाखवावे.

सुरुवात छोट्या सहलींनी करावी. आपल्याच सोसायटीतील ज्येष्ठ नागरिकांची एक दिवसाची अष्टविनायकांपैकी पाली-महडची सहल बिनचूक पार पडली, तर पुढच्या सहा महिन्यांची बुकिंगे त्या बसमध्येच होतात. बसमध्ये लिंबाच्या गोळ्या, जादा पाण्याच्या बाटल्या आणि दर दीड तासाने स्वच्छ स्वच्छतागृह, या तीन गोष्टींची आखणी देवदर्शनाच्या आधी करावी.

माझे इंग्रजी कच्चे आहे. अडचण येईल का?

देशांतर्गत सहलींत हिंदी आणि मराठीवर बरेच काम चालते. ई-मेल मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात, आणि ते सुबक नसले तरी चालतात, पण त्यांतील तारीख, खोल्यांची संख्या व रक्कम चुकलेली चालत नाही. रोज एक हॉटेल-आरक्षणाचा ई-मेल लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावा. तीन महिन्यांत पुरेसा फरक पडतो.

मला अजून कुठेही जायचे नाही. तरी पासपोर्ट आताच काढावा का?

काढावा. टूर मॅनेजर, केबिन क्रू आणि क्रूझ या तिन्ही ठिकाणी तो मुलाखतीच्या वेळीच मागतात आणि ‘अर्ज केला आहे’ या उत्तराने ती जागा दुसऱ्याला जाते. ठाण्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर काढलेल्या पासपोर्टची मुदत १० वर्षांची असते; १५ ते १८ वयोगटातील मुलांनाही १० वर्षांच्या मुदतीचा पर्याय निवडता येतो. दहावीचे मूळ प्रमाणपत्र सोबत न्यावे. त्यामुळे काही देशांत नोकरीला जाताना होणाऱ्या स्थलांतर तपासणीची अट लागू न होणारा पासपोर्ट मिळतो. पोलीस पडताळणीसाठी कोणी घरी आले आणि तुम्ही सापडला नाहीत, तर अर्ज लांबणीवर पडतो, म्हणून त्या आठवड्यात ट्रेकला जाऊ नये.